दोन फुटी टाकी

वरच्या मजल्यावरचे कुरियन बदली होऊन कोचीला गेले,
जाताना काचेची दोन फुटी टाकी माझ्या दारात ठेवून गेले.
आत करडी वाळू, एक गोगलगाय
आणि वितळलेल्या पानांचा लगदा.
"मेलेली नाहीत ती. फक्त मुळं हलवू नका."
एवढंच बोलले, आणि लिफ्टचं दार लागलं.

मी कात्रज ते निगडी तिकिटं काढणारी बाई.
माझ्या हातून बाल्कनीतली कोरफडसुद्धा सडलेली.

भवानी पेठेतल्या दुकानात सादिक इनामदारांनी विचारलं,
दिवा किती तास?
म्हटलं, सकाळी लावते, रात्री जेवण झाल्यावर बंद करते.
ते हसले. "म्हणजे चौदा.
तुम्हाला रोज चौदा तास ड्युटी लावली तर?"
शेवाळ येतं ते त्यानेच म्हणाले, उजेड उरतो म्हणून.
तेव्हापासून दिव्याला टायमर.
माझी पाळी आठ तासांची, त्याचीही आठ.
त्याला फक्त चिंचवडच्या सिग्नलला थांबावं लागत नाही.

मग बिसलेरीच्या बाटलीत साखर, कोमट पाणी, चिमूटभर यीस्ट,
झाकणाला भोक, भोकातून नळी, नळीतून बुडबुडे.
झाडांना खायला वायू, आणि घरभर आंबूस वास.
खालच्या मजल्यावरच्या देवस्थळीबाई
दोन दिवस जिन्यात माझ्या तोंडाचा वास घेत होत्या.

जावा फर्न गाडायची नसते हे चुकून कळलं.
रोप म्हटलं की खड्डा, एवढंच मला माहीत.
आठ दिवसांत बुंध्यापासून काळी पडली.
दुसरी आणली ती शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याने
एका काळ्या दगडाला बांधली.
दोन महिन्यांनी दोरा कुजून सुटला.
तोवर तिने दगड धरला होता.

मार्चपासून धायरीत टँकर.
त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही,
आणि बादलीच्या कडेला पांढरं पीठ.
सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले,
पाणी उत्तम आहे, रिपोर्ट आलाय.
माझ्याकडे रिपोर्ट नव्हता.
क्रिप्टची सात पानं होती,
दोन रात्रींत काचेसारखी झालेली, देठापासून सुटलेली.
ओल्या वर्तमानपत्रातून काढून ती मी टेबलावर मांडली.
कोणी काही बोललं नाही.
मग विषय पार्किंगवर गेला.

घरी येऊन बाही वर केली, हात पाण्यात घातला,
वाळूपर्यंत नेला,
आणि तसाच बाहेर काढला.
मुळं हलवू नका.

रोज डेपोतल्या नळाचं पाच लिटर पाणी कॅनमधून आणायचं,
रात्रभर उघडं ठेवायचं, सकाळी वाटीवाटीने सोडायचं.
ड्रायव्हर भापकर म्हणाले, ताई, कॅनचं तिकीट काढा.
मी काढलं. त्यांनी ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं.

एप्रिलच्या शेवटी, ड्युटीचे बूट काढता काढता दिसलं:
वाळूतून वर आलेलं, गुंडाळलेलं, तांबूस,
बाळाच्या नखाएवढं.
दुसऱ्या दिवशी दोन.

आता हायग्रो इतकी वाढते की दर रविवारी कात्री.
छाटलेले तुकडे पिशवीत घालून डेपोत नेते;
कंट्रोलरच्या टेबलावर बोर्नव्हिटाच्या बरणीत एक,
भापकरांच्या मुलीकडे तीन.
सगळे एकच विचारतात, मासे कुठायत?
येतील की.
दुपारी चारच्या सुमाराला पानांच्या काठाला
बारीक मोती धरतात, एकेक सुटून वर जातो.
सुट्टीच्या दिवशी मी ते बघत बसते,
चहावर साय येते.

काचेवर पाण्याच्या वर दोन बोटं
टँकरच्या दिवसांची पांढरी रेघ राहिलीये.
व्हिनेगरने जाते म्हणे.
बाटली आणून ठेवलीये ओट्याखाली.