बूट हातात ठेव

येर्नेय जमिनीवर पिशवी पसरतो,
स्वयंपाकघराच्या दारापासून थेट शेगडीपर्यंत,
आणि मांजर लगेच तिच्यात जाऊन बसते.
मांजराला उचलून बाहेर. मांजर पुन्हा आत.

तळाला तळ लावून तो स्की ठेवतो,
मधे जुन्या टॉवेलची पट्टी,
धारदार कडा एकमेकींना चावू नयेत म्हणून.
दोन्ही बाइंडिंगना करड्या लोकरीचे मोजे,
टोकांभोवती स्वेटर, कोपरात उसवलेला.
"हा मी घालणार नाहीये, बाबा."
"तुझ्यासाठी नाहीच तो."

एकतीस वर्षं त्यानं कारखान्यात प्रेस चालवला.
लाकूड, फायबर, गोंद, पुन्हा फायबर.
किती जोड्या त्याच्या हाताखालून निघून विमानात बसल्या,
तो एकदाही नाही.
तरी विमानतळाचं त्याला सगळं ठाऊक आहे,
न गेलेल्या माणसाला असतं तसं.

"जुने टॅग काप. पिशवीला ऑस्लो आठवलं तर जाईल तिकडेच."
"पत्ता आतही ठेव. बाहेरचा फाटतो."
"फोटो काढ. माझी सायकल चोरीला गेली तेव्हा
मी चौकीत निळी सांगितली.
हिरवी होती. सात वर्षं चालवत होतो."

मग झिप ओढता ओढता, वर न बघता:
"बूट मात्र हातात ठेव.
स्की कुणाच्याही चालतात,
बुटात तुझा घोटा आहे."

ब्रनिकला पहाटे अवजड सामानाचं दार वेगळं,
कोपऱ्यात, धोब्याच्या खिडकीसारखं.
रांगेत एक बाबागाडी, एक चेलो.
रबरी झालरीमागे पिशवी दिसेनाशी होते
आणि येर्नेय हात हलवतो,
नेझाकडे नाही, झालरीकडे.

किट्टिलाला पट्टा फिरतो. फिरत राहतो.
सगळ्यांचं सगळं येऊन गेलं,
उरली एका मुलाची घसरगाडी,
तिलाही शेवटी कुणीतरी उचललं.
नेझा उभी. गळ्यात बूट, लेसनं बांधलेले,
चालताना छातीवर आपटणारे.

खिडकीतली बाई, तूलिक्की, अर्जावरून विचारते: रंग?
"काळा."
फोटोत गडद निळा.
बाई काहीच बोलत नाही, खोडून निळा लिहिते.
अशी खाडाखोड तिच्या अर्जांवर रोजची असावी.

दुसऱ्या दिवशी एका एस्तोनियन मुलीच्या उसन्या स्की,
पाच सेंटीमीटर लांब,
स्क्रू फिरवून फिरवून बुटाला बसवलेल्या.
तिसऱ्या वळणावर त्या आपल्या मालकिणीच्या सवयीनं वळल्या.
एक्केचाळिसावी.
फोनवर येर्नेय नंबर विचारत नाही.
"बूट?"
"होते हातात."
"मग झालं."

शर्यत संपल्यावर पिशवी आली.
आत छापील चिठ्ठी: तपासणीसाठी उघडली होती.
स्की शाबूत. कडांवर ओरखडा नाही.
स्वेटर मात्र आता गुंडाळलेला नव्हता;
बाह्या पाठीमागे घेऊन कुणीतरी
दुकानातल्यासारखी चौकोनी घडी घातली होती,
उसवलेलं कोपर आतल्या बाजूला.
आणि मोजे तीन.

तिसरा कुणाचा?
कुठल्या तळघरात, कुठल्या टेबलावर
दोन पिशव्या शेजारी उघडल्या असतील,
हातमोजे घातलेल्या एका माणसानं
पाळी संपायच्या घाईत
उबेची वाटणी जरा चुकवली असेल,
आणि कुठेतरी, कुणाचं तरी एक बाइंडिंग उघडं गेलं असेल.

घरी येर्नेय पिशवी उलगडतो. मांजर आत.
तो मोजे मोजतो, पुन्हा मोजतो,
तिसरा धुतो, शेगडीवरच्या तारेला लावतो.
"याचा फोटो काढून ठेव."
"कशाला?"
"कुणी शोधत आलं तर रंग सांगता यायला हवा."
"लाल," नेझा म्हणते, मान वर न करता.
येर्नेय मोजा खिडकीपाशी उजेडात धरतो,
बराच वेळ धरतो.
"तेच म्हणतोय," तो म्हणतो,
"नारिंगी आहे."