आम्ही अकरा जण, बँड धरून

कार्लाइलला तेव्हा बँड होते तीन
आणि ड्रमर एकच.
कीथ रटलेज. सकाळी टपाल वाटायचा,
रात्री तिन्ही बँडांत वाजवायचा,
मध्ये फक्त शर्ट बदलायचा,
लोकांना वाटावं दुसरा माणूस आला म्हणून.
लोक म्हणजे हेझल, हेझलची आई,
आणि खालच्या कार्पेटच्या दुकानाचा मालक,
जो भाडं मागायला वर यायचा
आणि शेवटच्या गाण्यापर्यंत मागायचं विसरायचा.

भिंतींना उरलेल्या गालिच्यांचे तुकडे ठोकले होते,
तपकिरी, शेवाळी, एकावर गुलाब.
आवाज त्यात मऊ पडायचा,
ताकात भिजलेल्या भाकरीसारखा.
वारा पश्चिमेचा असला
की बिस्किटांच्या कारखान्याचा वास जिना चढून यायचा
आणि आम्ही सगळे, न ठरवता,
गाणं जरा लवकर संपवायचो.

मी मिरजेची.
आमच्या गल्लीत दिवसभर तंबोरे लागत असायचे,
ओट्यावर भोपळे वाळत,
आणि सिकंदरचाचा जवारीचा दोरा
केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत
म्हणायचे, "अजून बोलत नाही."
इतकं नेहमीचं, की शिकावं असं कधी वाटलंच नाही.
शिकले ती रक्त तपासायला.
इन्फर्मरीत रात्रपाळीला डेरेक भेटला, स्ट्रेचर ढकलणारा.
त्याचा बासवाला लग्न करून न्यूकॅसलला गेला होता.
म्हणाला, "चारच तारा आहेत, सू. तुला मोजता येतं."
येत होतंच. दिवसाला हजारो पेशी मोजायचे मी.

पहिल्या रात्री मी एकच सूर धरला
आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.
डेरेक गाता गाता मागं वळून बघत राहिला.
नंतर म्हणाला, "यात सूर तीन आहेत."
कीथ घाम पुसत म्हणाला, "राहू दे.
आज पहिल्यांदा उभं राहिलं ते."

मग हळूहळू.
कुणाचा तरी धाकटा भाऊ, गिटार उलटी धरणारा.
लाँगटाउनच्या दोघी बहिणी, बापाची मेंढ्यांची व्हॅन घेऊन;
त्यांच्या ॲम्प्लिफायरला कायम ओल्या लोकरीचा वास.
हेझल दोन पानांचा कागद काढायची, फोटोकॉपी करून,
त्यात आम्हीच आमच्याविषयी लिहायचो.
माझ्यावर एक ओळ आली : 'बास – सॉलिड.'
मी तो कागद आईला पाठवला.
तिनं उलट टपाली विचारलं, जाड झालीस का?

पुराच्या त्या जानेवारीत
तिन्ही नद्या एकदम गावात शिरल्या.
खोली वर, म्हणून वाचली. दुकान गेलं.
मालक जिन्यात बसलेला, मांडीवर नमुन्यांचं पुस्तक,
पानं फुगून पावासारखी.
तोवर आम्ही सात बँड झालो होतो.
रांग लावून गालिचे ओढले,
पाणी पिऊन एकेक म्हशीएवढा.
शनिवारी वीज नव्हतीच.
कीथनं बादल्या उलट्या ठेवून वाजवलं.
माझ्या बासचा आवाज मला एकटीलाच येत होता,
बरगडीतून.
मेणबत्त्यांत मी डोकी मोजायला गेले.
साठाच्या पुढं चुकले. जिन्यावरची वेगळी.
पोस्टर तर आम्ही लावलंच नव्हतं.

त्यानंतर मोजणं सुटलं.
एके दिवशी गावातल्या एका बँडचं नाव
मला माहीत नाही, असं झालं.
घरी येऊन हे मी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

परवा गेले होते. विटांच्या जुन्या गोदामात असतं आता.
दारावरच्या मुलीनं मनगटाला कागदी पट्टी चिकटवली,
विचारलं, "कुणाच्या आई तुम्ही?"
म्हटलं, "ड्रमरच्या."
ड्रमर म्हणजे निळ्या केसांची पोरगी, विशीतली.
दुसरा बँड आला तेव्हा
ती उतरली, आणि खरंच दुसरं कुणीतरी बसलं.
कीथला जाऊन तीन वर्षं झाली.

मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले.
भिंत उघडी, नुसती वीट;
आवाज आपटून परत येत होता.
चांगलं वाजवत होती पोरं. खरंच चांगलं.
बासवाला तेवढा घाई करत होता.
सांगावं असं वाटलं,
पण शेवटची बस दहा पन्नासला.