एकपंखी

घणसोलीच्या माथाडी वसाहतीचा हॉल
साडेनऊपर्यंत आमचा.
उद्या इथे कुणाची तरी हळद आहे.
खुर्च्या एकीवर एक चढून भिंतीशी,
आणि पंखे बंद. अकराच्या अकरा.
मे महिन्यात पंखे बंद कर म्हटलं
तेव्हा वॉचमन डोंगरेने असं पाहिलं
जसा मी त्याचा पगारच मागितला.

बाल्साचं एकच पातं, हातभर लांब.
उलट्या बाजूला आखूड दांडी,
तिच्यावर मोटर, बॅटरी, बोटाएवढा प्रोपेलर,
आणि तोलासाठी टेपने चिकटवलेलं
दोन रुपयांचं नाणं.
"दुसरा पंख लावायचा राहिला की," डोंगरे म्हणाला.
राहिला नाही. तो नसतोच.

हर्षालीने रस्त्यावर वेचलेली महोगनीची बी
एकदा गच्चीवरून सोडली होती.
आधी दगडासारखी निघाली,
मग मधेच काही आठवल्यागत
गरगरत, सावकाश, पार्किंगपर्यंत गेली.
"हीच गोष्ट खालून वर न्यायची, मामा. एवढंच."
एवढंच!

सहा वेळा धडकलं.
एकदा खुर्च्यांत शिरलं, एकदा माझ्या चष्म्यावर आलं.
नाणं बोटभर आत, मग अर्धं बोट बाहेर.
तिच्या वहीतला आकडा बरोबर होता,
फक्त टेपचं वजन धरायचं राहिलेलं.

सातव्यांदा पातं दिसेनासं झालं.
उरली नुसती थाळी, आरपार दिसणारी, थरथरती,
आणि कडेला हिरवा दिवा,
दर फेरीत एकदाच लागणारा
म्हणून एका जागी थांबलेला.
"दिवा आहे ना, ते त्याचं पुढे."
जे सगळंच फिरतं
त्याला पुढे कुठे ते
फेरीगणिक सांगावं लागतं.

पस्तीस वर्षं मी वाइंडिंग केलं.
फिरणाऱ्याच वस्तू हाताखालून गेल्या, पण सगळ्या
कशाला ना कशाला आवळलेल्या,
हुकाला, पाट्याला, सिमेंटच्या ओट्याला.
या छतावरचे चार पंखे माझेच.
हे मात्र कशालाच आवळलेलं नव्हतं,
आणि माझा हात
खिशात पाना चाचपत होता.

मग ते वर गेलं, जरा जास्तच,
आणि मधल्या पंख्याला लागलं.
हर्षालीने बोट काढलं. मोटर गप्प.
पडलं नाही. उतरलं,
त्या बीसारखं,
फरशीवर नाणं टक् वाजलं तेवढंच.

वर पंखा, वीज नसताना,
पाऊण फेरा फिरला.

"आता लावू का?" डोंगरेने विचारलं.
"थांब," आम्ही दोघं म्हणालो.
तो बटणापासून हात न काढता
वर बघत राहिला.