शून्याचं पोट

धंतोलीतल्या दवाखान्यांचे जुने एक्सरे
रद्दीवाला किलोवर विकतो.
पत्रा कापताना बोटं फाटतात,
पुठ्ठा चौथ्या पेटीपाशीच रंग पिऊन मऊ पडतो,
एक्सरे मात्र शंभर हात मारले तरी ताठ.
म्हणून आमच्या इतवारीतल्या बोळीत
‘धोका’ हा शब्द
कुणाच्या तरी बरगड्यांतून कापला जातो.

कोपऱ्यात अजून वाचता येतं:
स्त्री, ५४, डावा खांदा.

ऑर्डर होती विजेच्या दोनशे दहा पेट्यांची.
पिवळ्यावर लाल. वर धोका, खाली ४४०.
पहिल्या रात्री मी रेघेवरून सरळ कापत गेले
आणि फिल्म उचलली तर
क चं पोट फरशीवर,
दोन्ही चारांचे डोळे फरशीवर,
शून्याचं तर नुसतं भोक उरलेलं,
लिंबाएवढं.

"काहून, पडलं ना?"
बाजेवरून दमडूजी हेडाऊ.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
पण एवढासा तुकडा पडल्याचा आवाज
त्यांना बरोबर ऐकू आला.
"पोटाले धरून ठेवा लागते, बाई. पूल पाह्यजे."

मग मी पूल दिले. पट्टीने मोजून,
प्रत्येक अक्षराला दोन, सगळे सारखे,
सगळे उभ्या रांगेत, कवायतीला उभे असल्यासारखे.
सकाळी दारावर एक छाप मारून पाहिला.
चहावाल्याचा पोट्टा कपबशा घेऊन थबकला.
"धोवा," त्याने वाचलं.
"ताई, काय धोवा?"

क चा उजवा हात मीच दांड्यापासून तोडला होता.

दमडूजी हसले नाहीत.
फिल्म मांडीवर घेतली,
अंगठा कापलेल्या कडेवरून फिरवला, हळू,
भाकरीचा काठ चाचपावा तसा.
"इथं कायले तोडलं? इथं तं हात वाहते.
जिथं हात दम घेते, तिथं तोड."

तीन रात्री मी चपटा कुंचला घेऊन
रद्दीच्या पेपरावर नुसता क काढत बसले.
कुठे टेकतो, कुठे उचलतो.
कुंचला तिरपा धरला की
गोलाईत दोन जागी रेघ आपोआप बारीक होते.
पूल तिथे दिला तर डोळ्याला कळतच नाही
की मध्ये काही आहे.
शिरोरेघ अक्षराअक्षराला तोडली,
नाहीतर एवढी लांब फट
वाऱ्यावर ओठासारखी उघडते,
आणि रंग आत शिरतो.

"आणि शून्य?" मी विचारलं.
"ते तं दमच घेत नाही."
दमडूजींनी बाजेखालून बिस्किटाचा डबा ओढला.
आत टिनाचे तुकडे, शेकडो:
व ची पोटं, ब ची पोटं, ठ ची गोल नाणी,
काठांवर चाळीस वर्षांचा रंग, थरावर थर.
पूल नव्हतेच त्यांच्या काळी.
दर छापाला ते पोट जागेवर ठेवायचे,
अंगठ्याने दाबायचे, मग रंग.
"म्हणून हा असा," म्हणत अंगठा दाखवला.
नखाच्या मुळाशी अजून लाल.

शून्याला मी तिरपे दोन पूल दिले,
काडेपेटीतल्या काडीएवढे.
एक त्या बाईच्या हसळीवरून गेला.

मे महिन्यात पेट्यांना हात लावता येत नव्हता.
छाप मारेपर्यंत रंग सुकायचा,
एक्सरे कडेने वळायला लागायचा,
मी ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायची.
दोनशे दहा झाल्या. बिल अजून अडकलंय.

परवा सक्करदऱ्याहून येताना
मुद्दाम एका पेटीपाशी स्कूटी थांबवली.
कुणीतरी वर क्लासेसचं पोस्टर चिकटवलं होतं,
दहावीची पोरं टक्क्यांसकट हसत होती.
धोका गेला होता. दोन्ही चार गेले होते.
कडेला फक्त शून्य दिसत होतं,
पोट जागेवर.