नमुना क्रमांक एक्केचाळीस

परळच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
उत्तरेकडच्या खिडकीशी माझं टेबल होतं.
हुद्दा आरेखक. कारकुनापेक्षा बावीस रुपये जास्त
आणि एक डोळा कायम भिंगाला.

तळपदेबाईंनी पहिल्याच दिवशी पेन्सिल काढून घेतली.
म्हणाल्या, तासभर नुसती बघ.
बघितली. पिसू. काचपट्टीवर आडवी, राळेत अडकलेली.
मग काढली, शाळेत गुण मिळायचे तशी :
सुबक, नामनिर्देशित, पाय सहा.
बाई वाकल्या. "हिचा मागचा डावा पाय कुठाय?"
नव्हता. तुटला होता.
"मग हा कुणाचा काढलास?"

त्या दुपारी त्यांनी कपाटातून एक नक्कल आणली :
तीनशे वर्षांपूर्वीची, लंडनची,
तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली पिसू.
एक घडी उलगडली, मग आणखी एक,
टेबल पुरेना, मी शाईची दौत उचलून धरली
आणि मांजराएवढी पिसू पसरली माझ्यासमोर.
पाठीवर पट्ट्यांवर पट्टे, घासून लखलखीत,
एकेका राठ केसाच्या मुळाशी सावली.
एवढं सगळं एकाच पिसवेत दिसलं त्याला?
"छे," बाई म्हणाल्या, "दहाबारा मेल्या असतील,
तेव्हा कुठे ही एक झाली."

म्हणजे त्यानंही पाय दुसरीचेच आणले.
हे मी बोलले नाही. बाई ताक प्यायला गेल्या होत्या.

छापलं त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेग.
दारांवर तांबड्या फुल्या, रात्री गाड्यांतून प्रेतं,
आणि कुणीतरी दिव्याजवळ हीच घडी उलगडून
म्हणत असेल, काय देखणं जनावर आहे!
केस न् केस होता. नखं होती.
पोटात काय आहे ते कुणी काढलं नव्हतं.

पुढे अडीचशे वर्षांनी मांडवीत
माझे पणजोबा गोदामात तोलार होते.
त्यांच्या चाळीच्या दारावर सरकारी माणूस
रंगाने वर्तुळं काढून जायचा,
माणूस गेला की एक.
पाच होती म्हणतात. तीही आकृतीच,
भाग न दाखवलेली.

तो पहिला कागद माझ्याकडे आहे.
सहावा पाय खोडलाय, तिरका धरला की दिसतो अजून.
पोट रिकामं ठेवलंय. दिसत नव्हतं.
खाली बाईंचं बारीक अक्षर :
मादी. शिवडी, धान्याचं गोदाम. उंदरावरून.