पॉवर चार

तिसऱ्या पाळीवरनं आलो की चहाच्या आधी
प्रज्योत मोबाईल नाकापुढं धरतो :
"पप्पा, ह्यातला सगळ्यात डेंजर कुठला?"

पहिला ज्वाळासूर. तोंडातनं तीन हजार डिग्री.
म्हटलं, लेका, आमचं लोखंड पंधराशेला ओततात
तर लॅडलचं अस्तर चाटून जातं.
ह्याचा जबडा कशाचा केलाय?
"पप्पा, गेम आहे."
बरं.

मग आकडेनाग. शेपटीत अकरा हजार व्होल्ट.
हा खरा वाटला. शिरोलीत एकदा
क्रेनची केबल अशीच वळवळली होती,
पण ती तडतडते तरी. माणूस उडी मारतो.

डोंगराएवढं कासव. उशीखालनं स्वप्नं ओढणारी मांजर.
सगळ्यांना दात, सगळ्यांच्या आरोळ्या.

खाली कोपऱ्यात एक करडा ठिपका.
"तो होय? रेवडू. पॉवर चार. सगळे सोडून देतात."
करतो काय?
"काय नाही. नुसता हवेत असतो."

सकाळी मोल्डिंगच्या शेडमध्ये
पत्र्याच्या भोकातनं ऊन आत आलं की
मला तो दिसतो,
चकाकत, अगदी देखणा.
दिलावर मुजावर एकवीस वर्षं त्याच्यासंगं जेवला.
आता सीपीआरच्या जिन्यात
तिसऱ्या पायरीवर बसतो,
चौथीकडं बघत.

"सांगा की, कुठला?"
खोकला आला. मूठ तोंडावर धरली,
उघडून पाहिली, विजारीला पुसली.

म्हटलं, आवर, शाळेला उशीर होईल.
आणि माझे कपडे वेगळ्या बादलीत टाक.
आईच्या साडीला लावू नको.