तळ

पाचव्या दिवशी आम्ही तळ ठोकला
समुद्राच्या तळावर.

समुद्र गेलेला. कधीचाच.
मागं खडूचे कडे, उभे, दुधाळ,
फळ्यावरून पुसायचे राहून गेल्यासारखे,
आणि बुटांत, दातांत, भातात
तीच पांढरी भुकटी.
"धूत बसू नका," उलबोसिन पहिल्याच दिवशी म्हणाली होती,
"माणशी दोन मग पाणी. चहा त्यातच."

उलबोसिन आमची ड्रायव्हर, वाटाडी, स्वयंपाकीण.
गाडी रशियन, करडी, माझ्याहून वयानं मोठी;
तिला इथं पावाची लादी म्हणतात,
आणि दुपारी आत बसलं की कळतं का ते.
नकाशा आहे. तो काचेवर पसरलाय,
स्टिअरिंग तापू नये म्हणून.
ती डोंगराकडं बघते,
हनुवटीनं त्याला ओळख देते,
गिअर टाकते.

खुंट्या काही शिरेनात.
वरून पापड, आतून पाटा अशी जमीन.
ओताकर, ब्रनोचा निवृत्त पोस्टमन,
दगडानं ठोकत राहिला
आणि सहा खुंट्यांचे सहा गळ करून बसला.
"मासे नाहीत इथं," उलबोसिन म्हणाली,
आणि दोरीला चार धोंडे बांधून निघून गेली.

पण मासे होते.
सकाळी कड्याच्या कण्यावरून अकरा किलोमीटर उतरताना
मला सापडला शार्कचा दात,
करंगळीच्या पेराएवढा.
तळहातावर घेतला, मूठ मिटली,
तर टोचला.
इतक्या लाखो वर्षांत
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दूर सात उंट उभे होते, मालकाशिवाय,
कुणी बोलावण्याची वाट न बघता.

रात्री सक्सौलचा जाळ.
हे लाकूड पाण्यात बुडतं म्हणे.
खरंखोटं करायला पाणी कुठंय?
बाकीचे झोपले. ओताकरचं घोरणं तंबूबाहेर आलं
आणि वाऱ्यात मिसळून गेलं.
तिची मोडकी इंग्रजी, माझी त्याहून मोडकी रशियन,
मध्ये बशीत दोन बाउरसाक, तळलेले, आता गार.
मी विचारलं, नावाचा अर्थ काय?

"मुलगा होवो."

"म्हणजे?"
"मी चौथी. वडलांनी नाव ठेवलं, उलबोसिन.
पुढचा तरी मुलगा होवो."
"झाला?"
"झाला ना. अकताऊत असतो, तेलाच्या कंपनीत.
दोनदा आला इकडं. दोन्ही वेळा
मीच शोधून आणला."
ती हसली, निखारा उलटा केला.
"आणि तुझ्या नावाचा?"

मी पासपोर्टातलं नाव सांगितलं.
दहावीच्या फॉर्मच्या वेळी बाईंनी सुचवलेलं,
स्वच्छ, फुलाचं, सगळ्यांना उच्चारता येईल असं.
"छान," ती म्हणाली, आणि थांबली,
डोंगराकडं बघून थांबते तशी.

जाळ बसला.
तळपाय अजून गरम होते, पाठ गार.
मग मी आधीचं सांगितलं.
अर्थ सांगायला शब्द सापडेना,
हातानंच दाखवलं,
ताटात वाढणाऱ्याला आपण अडवतो ना,
तसा पंजा आडवा धरून:
नको. पुरे.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग आडव्या धरलेल्या त्या हातात
एक बाउरसाक ठेवला.

तंबूत पडले. कान जमिनीला.
खाली काही वाजत नव्हतं.
समुद्र वाजेल असं वाटलं होतं, हा मूर्खपणा;
दोरीला बांधलेला धोंडा मात्र
रात्रभर जागचा हलला नाही.

पहाटे सगळं पांढरं, मग गुलाबी, मग नुसतंच ऊन.
किटलीचं झाकण वाजवत तिनं हाक मारली,
एका अख्ख्या समुद्राच्या तळाला ऐकू जाईल अशी,
चुकीच्या ठिकाणी लांबवून:
"नाऽकुसा! शाय!"

कड्यानं ते नाव परत दिलं, दोनदा.
अर्थ ठाऊक असलेलं इथं दुसरं कुणी नव्हतं.
मी तंबूची चेन उघडली
आणि हजेरीला करतात तसा
हात वर केला.